प्रभावती इंजिनिअरिंग वर्क्स

ज्ञानदेवाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याचं कारण मायना ठरत नव्हता.

हे कारण लोकांना पटत नाही, पण ज्यानं पस्तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली आहेत त्याला पटावं. 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानदेव माझा कोणी नव्हे. चार वर्षं आमच्या पुढच्या खोलीत राहिलेला भाडेकरू. 'श्रीयुत' लिहावं, तर ज्याला रोज 'अरे ज्ञानदेव' म्हणून हाक मारली त्याला एकदम परक्या माणसासारखं बाहेर उभं केल्यासारखं होतं. 'प्रिय' लिहावं, तर मी माझ्या बायकोला, प्रभावतीलाही, कधी 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते तिनं मला निदान वर्षातून एकदा ऐकवलेलं आहे, आणि ही गोष्ट भाडेकरूच्या पत्रावरून पुन्हा निघावी अशी माझी इच्छा नव्हती.

त्यातून ते जोडकार्ड होतं. हल्ली जोडकार्ड कोणी पाठवत नाही म्हणून सांगतो: एका कार्डावर आपला मजकूर लिहायचा, आणि त्याला जोडलेलं दुसरं कार्ड उत्तरासाठी कोरं ठेवायचं. समोरच्यानं ते फाडून, उत्तर लिहून पेटीत टाकायचं. ज्ञानदेवानं त्या कोऱ्या कार्डावर स्वतःचा नाशिकचा पत्तासुद्धा घालून पाठवला होता. म्हणजे तो मला बराच ओळखून होता. पुरता ओळखून असता, तर त्यानं उत्तरही लिहूनच पाठवलं असतं.

त्याचा मजकूर असा होता : 'मास्तरांना सा. न. वि. वि. इकडे कंपनीत लागलो. माझं मशीन तुमच्या खोलीतच राहिलं आहे. सोय झाली की परत येऊन ते चालू करायचा विचार आहे. तुमची अडचण होत असेल तर तसं लिहा. भंगारात द्या म्हणाल तर तेही लिहा, मी येऊन सोडवून देईन. पण काहीतरी लिहा. मधूनमधून तेल लावावे. काकूंना नमस्कार.'

मी मास्तर नव्हतो. आयुष्यात एक तासही कुणाला शिकवलेलं नाही. पण चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या गल्लीत पहिल्याच दिवशी कुणीतरी 'मास्तर' म्हटलं, आणि ते दुरुस्त करण्याचं धैर्य मला झालं नाही.

मशीनबद्दल आता सांगायला हवं. ज्ञानदेव टर्नर होता. दिवसभर कंपनीत लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "मास्तर, खोलीत आपलं स्वतःचं एक मशीन ठेवू का?" मी वाचत होतो. मी "हं" म्हणालो. वाचताना मी कशालाही "हं" म्हणतो. आमचे दोन्ही जावई प्रभावतीनं असेच ठरवले आहेत. आठ दिवसांनी बैलगाडीतून एक जुनं लेथ आलं, बसलेल्या म्हशीएवढं. ते दारातून आत जाईना, म्हणून खिडकीखालची भिंत पाडली, मशीन आत घेतलं, जमिनीत सिमेंटनं पक्कं केलं आणि भिंत पुन्हा बांधली. त्याला लागणारी वीज मिळेपर्यंत कंपनीत मंदी आली, ज्ञानदेवाचं काम गेलं आणि तो नाशिकला निघून गेला. ते मशीन एकदाही फिरलं नाही. पण रोज संध्याकाळी कंपनीतून आल्यावर तो त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचा, फडक्यानं पुसायचा आणि हातानं चाक एकदा गरकन फिरवून बघायचा. दिवसभर दुसऱ्याच्या लेथवर राबलेला माणूस स्वतःच्या लेथकडे नुसतं बघून ताजातवाना व्हायचा, हे मी पाहिलेलं आहे. म्हणूनच 'भंगारात द्या' हे दोन शब्द लिहायला माझा हात धजेना.

आणि 'ये' हा एक शब्दही लिहवेना. कारण ती खोली मला माझ्या पुस्तकांसाठी हवी होती.

माझी पुस्तकं म्हणजे सतरा पोती. कॉटखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे. दिवाळीनंतर आमची धाकटी बाळंतपणाला येणार होती. प्रभावतीनं सांगितलं, "अहो, दिवाळीच्या आत एक तर ते मशीन जाईल नाहीतर पुस्तकं जातील. रद्दीवाल्याला मी शब्द दिलेला आहे." ती मला कधी धमकी देत नाही. ती फक्त रद्दीवाल्याला शब्द देते.

मी जोडकार्ड एका पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आणि दुसरं पुस्तक वाचायला घेतलं.

तेल मात्र लावत होतो. दर रविवारी, खोबरेल. दोन महिन्यांनी शेजारचे बबनराव डोकावले. ते एका कंपनीत फिटर होते आणि आपल्याला न विचारता जगात कुठलाही स्क्रू पिळला जाऊ नये असं त्यांचं मत होतं.

"मास्तर, हा वास कसला?"

"मशीनला तेल लावलंय."

त्यांनी बोट फिरवून नाकाशी नेलं. "हे तुमच्या मंडळींचं केसांचं तेल आहे. जास्वंदीचं."

"ज्ञानदेवानं नुसतं 'तेल' लिहिलं होतं," मी म्हणालो.

बबनरावांनी बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "थंडीत वेणी घालू त्याची."

हे सगळं निभावलं असतं, पण खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी कंपन्यांतून मोठमोठ्या यंत्रांपासून हातोडी-पान्यापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडतात. आदल्या दिवशी बबनराव आणि समोरचा म्हातारा धोंडीबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. धोंडीबा मूळ गावचा; झेंडू त्याच्या वावरातला.

"घरात मशीन असून बिनपूजेचं ठेवायचं नसतं, मास्तर," बबनराव म्हणाले. "लोखंड रुसतं."

"पण ते माझं नाही."

"न्हाई तर न्हाई," धोंडीबा म्हणाला. "पाव्हन्याचं प्वार घरात असलं तर त्याला उपाशी ठिवता व्हय? तुमच्या छपराखाली हाय न्हवं? मग पुजायचं."

माझी उत्तरं साधारण तीन दिवसांनी येतात.

पूजा दणक्यात झाली. दाराला तोरण, मशीनला हार, चाकाला कुंकू, सगळ्या गल्लीला पेढे. गुरुजी संकल्प सांगताना थांबले आणि म्हणाले, "यजमानांच्या उद्योगाचं नाव?" मी चष्मा पुसू लागलो. गुरुजींना पुढं तीन कंपन्या करायच्या होत्या. शेवटी बबनरावांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि ठोकून दिलं, "प्रभावती इंजिनिअरिंग वर्क्स." गुरुजींनी ते संस्कृतात बसवलं. आतून भांड्याचा आवाज आला. तो रागाचा होता की लाजेचा, हे मला अजून कळलेलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ वही घेऊन दारात उभे राहिले. ते एका कचेरीतले होते. कुठल्या, हे मी विचारायला हवं होतं.

"नवीन कारखाना काढलात वाटतं? तोरण दिसलं. परवाना घेतलाय का?"

कारखाना नाही, मशीन माझं नाही, ज्ञानदेव नाशिकला आहे, त्याचं पत्र आलंय, मी उत्तर दिलेलं नाही. हे सगळं सांगायचं तर दहा मिनिटं लागली असती आणि शेवटी दोष माझ्याकडेच आला असता. म्हणून मी थोडक्यात खरं तेवढं बोललो. "नाही घेतला."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि सोमवारी कचेरीत यायची चिठ्ठी दिली.

सोमवारी मी कचेरीत गेलो. तिथले साहेब सौम्य होते. सौम्य माणसांशी मला अजिबात लढता येत नाही.

"साहेब, माझा कारखाना नाही."

"म्हणजे बंद आहे?"

"नाही. म्हणजे तो नाहीच."

"नाही असं लिहून घ्यायला आमच्याकडे फॉर्म नाही, काका. बंद आहे असा आहे."

"मग तो द्या."

"तो नोंदलेल्या कारखान्यालाच मिळतो. तुम्ही आधी नोंदवा, महिनाभर दर्शनी भागी नावाचा फलक लावा, मग बंद करा. एकदम सोपं आहे."

खरोखर सोपं होतं. मी साठ वर्षांत काही उभं केलं नव्हतं, ते त्या दिवशी दुपारी दोनच्या आत झालं. मी कारखानदार होऊन बसनं घरी आलो. फलक बबनरावांनी रंगवून आणला, यंत्रांना असतो तसल्या हिरव्या रंगात. तो रंग कुठून आणला हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही कचेरीत मी काय बोललो ते विचारलं नाही. प्रभावतीनं बाहेर येऊन फलक वाचला. म्हणाली, "माझं नाव रेशनकार्डावरसुद्धा चुकीचं आहे. इथं तरी नीट आलंय."

फलक लागला आणि माणसं यायला लागली.

बहात्तरच्या दुष्काळानं गावं रिकामी केली होती. मराठवाड्यातून आलेली माणसं सकाळी एकेका कंपनीच्या गेटवर उभी राहून दुपारी परत फिरायची. परत फिरण्याच्या वाटेवर आमची गल्ली होती. मोशीहून, तळवड्याहून सायकलवर कोणी यायचं. पहिली आली ती कस्तुराबाई, जालन्याकडची. दाराशी उभी राहून म्हणाली, "मालक, मशीन येत न्हाई मला. पर झाडू मारता येतंय, लोखंडाचा भुसा उचलता येतोय. लावून घेता का?"

"नाही" हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. पण तो बाहेर येईपर्यंत त्याचं "बघू, नाव लिहून ठेवतो" असं झालं. माझ्याकडे ग्रंथालयाची एक कोरी दाखल-वही होती, निवृत्तीच्या वेळी मिळालेली. इतरांना शाल-श्रीफळ मिळतं. तीत मी लिहिलं : दाखल क्रमांक एक, कस्तुराबाई. नाव, गाव, आल्याची तारीख, शेरा. पस्तीस वर्षांची सवय. आठ दिवसांत दाखल क्रमांक त्रेचाळीसपर्यंत गेले. नोंदी इतक्या नीट होत्या की मला मनातून थोडा अभिमान वाटत होता. एवढ्या लोकांना मी नाराज केलं नव्हतं, अशीही माझी समजूत होती.

नवव्या दिवशी यशवंतराव आले. पांढरा शर्ट, काखेत खाकी पिशवी, आवाज तीन गेटांवर पोचेल असा. ते युनियनचे पुढारी होते.

"मालक, हजेरीपट बघू."

"हजेरीपट नाही. दाखल-वही आहे."

त्यांनी ती पानापानानं वाचली. "त्रेचाळीस कामगार. तारखेनिशी. आणि काम एकालाही नाही. याला आमच्यात ले-ऑफ म्हणतात."

"अहो, ते कामगार नाहीत."

"मग कोण आहेत?"

मी खूप विचार केला. "वाचक," असं माझ्या तोंडून निघालं. सवयीनं.

यशवंतरावांनी वही मिटली. "मालक, चेष्टा नको. उद्यापासून धरणं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टचा भोंगा झाल्यावर त्रेचाळीस माणसं आमच्या अंगणात बसली. "प्रभावती इंजिनिअरिंग, चालू करा, चालू करा." प्रभावती पोळ्या लाटत होती. दहा वाजता बाहेर आली आणि यशवंतरावांना म्हणाली, "भाऊ, नाव घ्यायचं तर घ्या, पण पुढं 'बाई' लावा. मी काही तुमच्यापेक्षा लहान नाही." दुपारपासून घोषणा 'प्रभावतीबाई इंजिनिअरिंग' अशी झाली. मग तिनं सगळ्यांना चहा केला. मला वाटलं, मालक या नात्यानं मी आत बसावं. पण आत बसलं की घोषणा खऱ्या वाटायच्या. म्हणून मी बाहेर येऊन मागच्या ओळीत बसलो. तिथून त्या बऱ्याच रास्त वाटत होत्या.

बबनराव भिंतीवरून म्हणाले, "मास्तर, मालक धरण्याला बसत नसतो."

"मग कुठं बसतो?"

"गाडीत."

माझ्याकडे सायकलही नव्हती.

तिसऱ्या दिवशी, दिवाळी तोंडावर आली तशी, प्रभावतीची मुदत संपली. धाकटीचं पत्र आलं होतं. रद्दीवाला शनिवारी येणार होता. तिनं एकेक करून सतरा पोती अंगणात आणून टाकली, धरण्याच्या मधोमध. मी बघत राहिलो. चाळीस वर्षं गोळा केलेलं सगळं सिमेंटच्या गोण्यांत घालून उन्हात पडलं होतं, आणि भोवती माझ्याविरुद्ध बसलेली माणसं. यापेक्षा एकटं मला कधी वाटलेलं नाही.

पण नुसतं बसून राहणं फार अवघड काम असतं, हे ज्यानं धरणं धरलंय त्यालाच कळतं. घोषणा शिफ्टच्या भोंग्याला दिवसातून तीनदाच. मधल्या वेळात करायचं काय? कस्तुराबाईनं एका पोत्याचं तोंड सोडलं. आतला सगळ्यात जाड ग्रंथ बाहेर काढला. "एवढं वजन हाय, म्हंजी काहीतरी असंल आत," म्हणाली आणि बोट ठेवून वाचायला लागली. चौथी झालेली होती. मग दुसऱ्यानं काढलं. मग तिसऱ्यानं. पाचच्या सुमारास एक जण पुस्तक काखेत मारून घरी निघाला.

इथं माझ्यातला भित्रा माणूस मागं पडला. गेलेलं पुस्तक नोंदीशिवाय गेलेलं मला सहन होत नाही. "थांबा," मी म्हणालो. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं. दाखल-वही आणली, त्याच्या नावासमोर पुस्तकाचं नाव लिहिलं, परतीची तारीख घातली, सही घेतली. मग रांगच लागली. कस्तुराबाईनं तीन नेली. तिच्या वस्तीतल्या बाया ऐकायला येतात म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी भोंगा झाला तरी अंगणातून आवाज उठेना. सगळ्यांच्या माना खाली. यशवंतराव एकटेच म्हणाले, "प्रभावतीबाई इंजिनिअरिंग..." आणि थांबले. माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "मालक, पंधरा वर्षं युनियन चालवतोय. फोडायचे सगळे प्रकार पाहिले. हा नव्हता पाहिला."

"माझा तसा हेतू नव्हता."

"हेतू नसतो त्यांच्याशीच लढणं जड जातं. चला, बोलणी करू. मशीन चालू करायला अडचण काय आहे?"

"ते चालवणारा नाशिकला आहे."

"काढून टाकलंत त्याला?"

"नाही." मी जमिनीकडे बघितलं. "त्याच्या पत्राला उत्तर दिलं नाही."

"किती दिवस झाले?"

"आषाढात आलं होतं."

कस्तुराबाईनं पुस्तकातून मान वर केली. "मालक, एक बोलू का? माजा नवरा मुंबईला गेला. दोन सालं झाली. न्हाई म्हन, ये म्हन, मेलीस तरी चालंल म्हन. पर काईतरी म्हन की. काम न्हाई तर न्हाई म्हना, आमी दुसरं गेट बघू. पर मान्साला लटकवून ठिऊ नगा."

सगळ्यांनी हातातली पुस्तकं मिटली. बबनरावसुद्धा भिंतीवरून उतरले.

मला तोवर वाटत होतं, 'नाही' न म्हणणं हा माझा चांगुलपणा आहे. त्रेचाळीस माणसं आठ-आठ दिवस त्या चांगुलपणावर जगून अंगणात येऊन बसली होती, आणि नाशिकला एक माणूस मशीन गेलं की राहिलं याची वाट बघत चार महिने कामावर जात होता.

समझोता लगेच झाला. यशवंतरावांनी तो कार्बन लावून दोन प्रतींत लिहिला. कलम एक : मालकाने श्री. ज्ञानदेव यांच्या पत्रास आजच्या आज उत्तर द्यावे. कलम दोन : काम निघाल्यास दाखल क्रमांक एकपासून घ्यावे. कलम तीन : तोवर उरलेल्यांना मालकाने समक्ष व स्पष्ट 'नाही' म्हणावे. कलम चार प्रभावतीनं घालायला लावलं : पुस्तके परत आणण्याची घाई करू नये.

कलम तीन मी तिथंच पार पाडलं. दाखल क्रमांक दोनपासून एकेकाला समोर बोलावून "नाही" म्हणालो. पहिल्या चार-पाच वेळा आधी 'बघू'च निघालं. दहाव्याला जमू लागलं. बत्तिसावा धीर देत म्हणाला, "बरं म्हणालात, मास्तर." मग प्रत्येक जण पुस्तकांचा गठ्ठा बांधून, तारीख तपासून निघून गेला. शेवटी अंगणात पंधरा रिकामी पोती उरली. उरलेल्या दोनांतली पुस्तकं मशीनच्या बेडवर, म्हणजे त्याच्या लांब पाठीवर, एका ओळीत नीट बसली. खोबरेलाचा वास त्यांना अजून आहे. प्रभावतीनं पिठाचा डबा भिंतीला लावला आणि जागा हातानं मोजून म्हणाली, "पाळणा बसतो." रद्दीवाला शनिवारी आला, तेव्हा त्याला ती रिकामी पोती दिली.

कार्ड मी समझोत्याच्याच दिवशी यशवंतरावांच्या समोर लिहायला घेतलं. ते त्या पुस्तकात सापडलं. मी पान तेहेतीसपर्यंतच पोचलो होतो. मायन्यापाशी पेन पुन्हा थांबलं. बबनराव, धोंडीबा, यशवंतराव, कस्तुराबाई आणि प्रभावती, पाच जण डोक्यावर उभे.

"काय अडलं?" बबनराव म्हणाले.

"मायना."

"हाक काय मारता त्येला?" धोंडीबानं विचारलं.

मी लिहिलं : 'अरे ज्ञानदेव, ये. मशीन जागेवर आहे. खंडेनवमीला पुजलं. तेल चुकीचं लावलं गेलं, ते येऊन पूस. खोलीत थोडी पुस्तकं आहेत, तुला अडचण होणार नाही. तुझ्या हाताखाली एक बाई ठरलेली आहे. भिंत या खेपेला फोडावी लागणार नाही.'

यशवंतरावांनी वाचून पाहिलं आणि कलम एकचा साक्षीदार म्हणून खाली सही केली. मग बबनरावांनी केली. धोंडीबानं अंगठा उठवला, कस्तुराबाईनं अक्षर अक्षर जुळवून नाव लिहिलं, आणि प्रभावतीनं उरलेल्या कोपऱ्यात आपलं नाव पूर्ण घातलं, पुढं 'बाई' लावून. सगळे मिळून पोस्टापर्यंत आले. मी कार्ड पेटीच्या तोंडात धरलं, हात थोडा तसाच राहिला, आणि मग सोडलं.

परत येताना लक्षात आलं की माझी सही राहिली. जागाच नव्हती.